शून्य अंशांची घसरण

गाडीचं तोंड एकीकडे आणि गाडी निघालीय दुसरीकडे, असं झालं की त्या दोन दिशांमधल्या कोनाला घसरणीचा कोन म्हणतात. माणसांत तो लांबूनही दिसतो. गाडीत तो मोजणारं यंत्र गाडीपेक्षा महाग, म्हणून कंपनी तो अंदाजानं काढते. अंदाज काढायचं काम धाकटीकडे होतं; आणि तो बरोबर आहे का, हे गाडीत बसून पाहायचं काम तिच्या सख्ख्या भावाकडे.

अंदाजाला एक खोड होती. बारीकसारीक चुका साठत जायच्या आणि सरळ रस्त्यावरही पडद्यावरची रेघ वळवळायची. साहेबांना वळवळ खपत नसे. मग धाकटीनं एक नियम घातला : स्टिअरिंग सरळ असेल आणि गाडी गिरकी घेत नसेल, तर कोन शून्य धरायचा. रेघ गुणी बाळासारखी झोपली. साहेब खूश.

बर्फावरच्या चाचणीच्या आदल्या दिवशी भांडी विसळता विसळता धाकटीचा हात थांबला. बर्फावर गाडी हळूच तिरकी झाली आणि तशीच तिरकी सरकत राहिली, तर तेव्हाही ती गिरकी घेत नसते; नियम मात्र कोन शून्यच धरणार.

सकाळी ती साहेबांकडे गेली. "सर, आज नको. माझा नियम चुकलाय."

"चाचणी बघायला पाहुणे येऊन बसलेत. आणि काल रेघ किती छान होती!"

मग तिनं भावाला गाठलं. "दादा, जरा जरी तिरका गेलास तरी सावर. माझ्या आकड्यावर जाऊ नकोस."

"मी सावरलं की चाचणी बाद. हात स्थिर ठेवायचे, तुझा आकडा बघून गाडीनं स्वतःच सावरायचं. तूच केलंयस ना सगळं? मग झालं. लहानपणी तुला तलावात ढकललं, तेव्हाही एवढी कावरीबावरी झाली नव्हतीस."

गाडी बर्फाच्या पट्ट्यावर आली. थोड्या वेळानं कानातल्या यंत्रातून त्याचा आवाज आला. "धाकटे, मला बाजूच्या खिडकीतून समोरची भिंत दिसतेय. तुझं काय म्हणणं?"

तिनं पडद्याकडे पाहिलं. वर्षभर तिला हाच आकडा हवा होता, त्यामुळे क्षणभर तो खराच वाटला.

"शून्य," ती म्हणाली. आणि लगेच किंचाळली, "सावर, दादा!"

गाडी तशीच तिरकी भिंतीवर आदळली. तो जागीच गेला.

चौकशी समितीनं नोंद पाहिली. कोन शेवटपर्यंत शून्य. म्हणजे गाडी सरळच चालली होती; भिंतीकडे नेली ती चालकानं. चूक आपल्या नियमाची, असं धाकटी तीनदा म्हणाली. साहेबांनी तिच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. "दुःखात माणूस काहीबाही बोलतो," असं त्यांनी समितीला हळू आवाजात समजावलं. रेघ सरळ असल्यामुळे गाडी मंजूर झाली.

धाकटी वहिनीकडे गेली आणि कानातल्या यंत्रातलं सगळं बोलणं तिनं जसंच्या तसं सांगितलं.

"त्याला भिंत दिसत होती," वहिनी म्हणाली, "मग त्यानं तुला कशाला विचारलं?"