डाव्या हाताला जमेल असं

सुताराने उजवा हात पँटच्या खिशात खोल कोंबला आणि डाव्या हाताने टर्नटेबलचा दांडा उचलायला गेला. दांडा पलीकडे, उजव्या अंगाला. हात फिरत्या थाळीवरून आडवा न्यावा लागला, कोपर रेकॉर्डला घासता घासता राहिलं, आणि सुई हळूच टेकायची ती अशी आदळली की दोन्ही स्पीकर खेकसले.

"काका, सावकाश," दुकानदार म्हणाला. "सुई फार नाजूक असते याची. हाताला काही झालंय का तुमच्या?"

"मला काय धाड भरलीय," सुतार म्हणाला आणि पुन्हा दांड्याकडे वळला. उजवा हात खिशातच.

मागे खुर्चीत त्याची बायको बसली होती. तिचा उजवा हात मांडीवर होता, कुणीतरी आणून ठेवल्यासारखा. दुकानदाराची नजर तिकडे गेली. मग त्याने सुताराकडे स्टूल सरकवलं, म्हणजे तिच्यासारखं बसून बघता येईल.

ही बाई जन्मभर रेडिओवर नोकरीला होती. ध्वनिमुद्रणं प्रसारणाआधी ऐकायची आणि कुठे काय बिघडलंय ते सांगायचं, हे तिचं काम. गाणाऱ्याने आवंढा गिळला तरी तिच्या कानातून सुटायचा नाही. स्वयंपाकघरात काही पडलं तर चमचा पडला की झाकण, हे ती बाहेरच्या खोलीतून सांगायची. नवऱ्याला घरात चोरून बिस्किटाचा डबा उघडायची सोय नव्हती. दोन वर्षांपूर्वी तिची उजवी बाजू गेली, आणि बोलणंही गेलं. कान तेवढे शाबूत राहिले.

बोलणं पुढे परत आलं, पण सुटं सुटं. सगळ्यांत आधी परत आला तो शब्द होता "अहो". डॉक्टर म्हणाले, रोजच्या सवयीचे शब्द आधी येतात, त्यात विशेष काही नाही. सुतार हो हो म्हणाला आणि दवाखान्याच्या जिन्यात जाऊन पोटभर रडून आला.

तेव्हापासून त्यांच्या दुपारी ठरून गेल्या होत्या. ती खोलीत रेकॉर्ड ऐकत बसायची, तो मागच्या शेडमध्ये रंधा चालवायचा. वीसेक मिनिटांनी एक बाजू संपली की आतून हाक यायची, "अहो". तो हात झटकत जायचा, सुई उचलायचा, रेकॉर्ड उलटून द्यायचा. कधी तिच्या खांद्यावरची शाल सारखी करायचा, कधी नुसताच उभा राहायचा. मग परत शेडमध्ये. जुन्या टर्नटेबलची मोटर मागच्या महिन्यात बसली आणि दुरुस्त करणाऱ्याने हात टेकले, म्हणून आज ही खरेदी.

"आता असं आहे," दुकानदार समोर मांडलेल्या दोन यंत्रांच्या मध्ये उभा राहिला. "हे आवाजाचं आणि ते सोयीचं. दोन्ही चांगलीच आहेत. पण याची थाळी जड, दांडा हलका, सगळं हाताने करायचं. बाजू संपली की सुई तिथेच खरखरत राहणार, तुम्ही उठून उचलेपर्यंत. त्याला नुसतं बटण आहे. दांडा आपला आपण जातो, आपला आपण परत येतो. खोटं कशाला बोलू, आवाजात ते थोडं कमी आहे."

"थोडं म्हणजे किती?" सुताराने विचारलं.

"शंभरातल्या नव्वद लोकांना कळणार नाही."

"ही उरलेल्या दहांतली आहे."

दुकानदार हसला. एकट्या व्हायोलिनची एकच रेकॉर्ड त्याने आधी एकावर लावली, मग दुसऱ्यावर. कुठलं कोणतं ते सांगितलं नाही, मध्ये पुठ्ठा उभा केला. ती डोळे मिटून ऐकत होती. सुतार तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. लग्न झालं तेव्हापासून तो असाच गाणं ऐकत आला होता, तिच्या चेहऱ्यावरून. त्याला स्वतःला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि ते त्याने कधी लपवलंही नव्हतं.

"पहिल्यात," ती म्हणाली आणि थांबली. दुकानदार पुढचा शब्द सुचवायला निघाला, तसा सुताराने त्याला हातानेच थांबवलं. शब्द आला. "वाजवणारा... श्वास घेतो. कळतं. दुसरं... गिळतं तो."

दुकानदाराने पुठ्ठा काढला. पहिलं म्हणजे जड थाळीचं.

"बघा," सुतार म्हणाला, जसं काही यंत्र त्यानेच बनवलं होतं. "हेच द्या. दांडा उचलायची ही जी बारीक कळ आहे ना, तिला मी लाकडाची पट्टी जोडतो आणि इकडे डावीकडे आणतो. घरचंच काम आहे ते. आणि बाजू संपली की उलटायला मी आहेच."

दुकानदाराला त्या नाजूक कळीला जोडलेली लाकडाची पट्टी डोळ्यांसमोर दिसली असावी. त्याचा चेहरा पडला.

"ते," बायको म्हणाली. तिचा डावा हात बटणाच्या यंत्राकडे होता.

"अगं, तूच म्हणालीस ना, गिळतं म्हणून?"

"गिळतं."

"मग? नंतर रोज ऐकताना चिडचिड करशील. चांगला आवाज सोडून सोयीचं कशाला? माझी काय अडचण आहे तुला? मी येतोच आहे ना उठून?"

"म्हणूनच." ती शब्द गोळा करू लागली. दुकानदार उगाचच फडक्याने काच पुसत राहिला. "मी हाक मारते... रंधा थांबतो. मध्येच. कळतं मला. काम... तुटतं तुमचं." मग तिने डाव्या हाताने हवेतच रंधा चालवून दाखवला, लांबच लांब, आणि ती हसली. तोंडाची एकच बाजू हसली. "मला तो... पूर्ण ऐकायचाय."

सुतार तिच्याकडे बघत राहिला.

शेडमध्ये काम नव्हतंच. ती आजारी पडल्यापासून त्याने एकही काम घेतलं नव्हतं. सुरुवातीला लोक यायचे, कुणाला कपाट हवं, कुणाच्या दाराची चौकट. पण काम म्हटलं की मापं घ्यायला जावं लागतं, बसवायला जावं लागतं, आणि मग घरात हाकेला ओ कोण देणार? त्याने एकेकाला टोलवलं. पुढे लोक यायचे थांबले. आणि तिच्याजवळ हातावर हात ठेवून बसावं, तर ते तिला आवडायचं नाही, आपल्यापायी माणूस बसून राहिला असं मनाला लावून घ्यायची. म्हणून तो शेडमध्ये जायचा. पाइनची एक उरलीसुरली फळी घ्यायची आणि तिच्यावर रंधा मारत राहायचं. ती पातळ झाली की दुसरी. कान घराकडे. काम कसलं, तो हाकेची वाट बघत असायचा. रंध्याखाली काय आहे हे काही तिला ऐकू जात नाही, अशी त्याने आपली समजूत घातली होती.

"ते बांधून द्या," तो दुकानदाराला म्हणाला. "बटणाचं."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने टर्नटेबल तिच्या डाव्या हाताशी मांडून दिलं. बटण तिला लगेच जमलं. रेकॉर्ड एका हाताने उलटणं अवघड होतं. अंगठा कडेला, बोटं मधल्या कागदावर, मग मनगट वळवायचं. दोनदा रेकॉर्ड मांडीवर पडली. तो मदतीला वाकला, तर तिने त्याचा हात हलकेच बाजूला केला.

"जा," ती म्हणाली. "तुम्ही... काम करा."

तो शेडमध्ये आला आणि त्याने फळी लावली. आत व्हायोलिन सुरू झालं. तो रंधा मारत होता, पण मनातल्या मनात बाजू मोजत होता. इतक्या दिवसांत ती कुठे संपते ते त्यालाही पाठ झालं होतं. बाजू संपली. त्याचे हात आपोआप थांबले, एक पाय दाराकडे वळलासुद्धा. आतून दांडा परत गेल्याचा बारीकसा आवाज आला. मग काहीच नाही. मग काहीतरी खरवडलं, तो दोन पावलं पुढे झाला आणि थांबला. आणि दुसरी बाजू सुरू झाली.

सुतार तिथेच उभा राहिला. तिला जमलं याचा त्याला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही, नाही असं नाही. पण दवाखान्यात ती महिनाभर निपचित पडली होती, तेव्हाही त्याला इतकं एकटं वाटलं नव्हतं. तेव्हा निदान तिला काही लागलं तर तोच लागणार होता. मग त्याच्या ध्यानात आलं की रंधा थांबलाय, आणि आत ती ऐकत असणार. तो घाईने फळीवर वाकला.

त्या दुपारी त्याने तीन फळ्या संपवल्या. खांदे भरून आले. हाक एकदाही आली नाही.

संध्याकाळी तो चहा घेऊन आत गेला. तिचा चेहरा टवटवीत होता, रेकॉर्डची पाकिटं पायाशी पसरलेली होती.

"आज... खूप चाललं," ती म्हणाली. "काम."

"हो. न थांबता झालं."

"कुणाचं?"

"शाळेचं आहे. बाकं करायचीत." ठोकलीच आहे थाप तर पुरती ठोकावी म्हणून तो पुढे म्हणाला, "सागवानी."

ती शब्द शोधत असेल म्हणून तो कप धरून थांबला, सवयीप्रमाणे. पण ती काही शोधत नव्हती. तिने डावा हात पुढे केला आणि त्याच्या स्वेटरच्या बाहीला चिकटलेली लाकडाची कुरळी ढलपी काढली. पांढरट, मऊ, पाइनची. बोटांत धरून तिने ती कानाशी नेली, अंगठ्याने चुरली, आणि चुरा आपल्या उजव्या हाताच्या तळव्यावर ठेवला.

"पुष्कळ... असतील," ती म्हणाली. "बाकं."

"पुष्कळ आहेत."

"सावकाश करा." ती खिडकीबाहेर, शेडच्या बंद दाराकडे बघत होती. "संपवू... नका."