आनंदा लवटे यांची मुलाखत

विद्यार्थिनीचे नाव: वैभवी आनंदा लवटे
वर्ग: बी.एस्सी., तिसरे वर्ष
मेजर: रसायनशास्त्र
मायनर: जर्मन भाषा आणि संस्कृती
प्रशिक्षणाचे ठिकाण: तारापूर एमआयडीसीतला रंगांचा एक कारखाना
कालावधी: एक दिवस
कामाचे स्वरूप (दोन ओळींत): कारखान्याचा रंग विकत घेणाऱ्या जर्मन कंपनीचा तपासनीस आला होता. त्याने कामगारांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा मी दुभाषी होते.

दोन ओळी झाल्या. उरलेलं फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहिते. कॉलेजात ही बाजू कोणी उलटून बघत नाही.

मायनर निवडण्यामागचा हेतू:

माझे पप्पा त्याच कारखान्यात एकोणीस वर्षं फिल्टर प्रेसवर आहेत. प्रेस म्हणजे रंगाचा चिखल कापडांमध्ये दाबून पाणी काढायचं यंत्र. पाणी गेलं की कापडाला लगदा चिकटून राहतो. तो खरवडून काढायला माणूस लागतो. लाल बॅच चालू असली की आमच्या घरात उशीची खोळ लाल होते, कारण घामच लाल येतो. आई पप्पांचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवते आणि पाणी ओतताना म्हणते, "आज भगवं निघालं. पक्ष बदलला वाटतं मालकानं."

मी अकरावीत असताना पप्पांनी ड्रमवर चिकटवायचा एक कागद घरी आणला होता. आमचा माल जर्मनीला जातो, म्हणाले, वाच बघू काय लिवलंय. मला वाचता आलं नाही. कॉलेजात मायनर निवडायची वेळ आली तेव्हा पर्यटन होतं, मत्स्यव्यवसाय होता. मी जर्मन घेतलं.

दुसऱ्या सेमिस्टरला तो कागद वाचता आला. *त्वचेला लागू देऊ नये.*

मी पप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "ते तिकडल्या लोकांसाठी असंल."

संस्कृती या घटकातून काय शिकलात?

हात मिळवताना घट्ट धरायचा. समोरच्याच्या डोळ्यात बघायचं. वेळेच्या पाच मिनिटं आधी पोचायचं. मनात आहे ते तोंडावर बोलायचं, तिकडे त्याला उद्धटपणा समजत नाहीत. (पाच गुणांचा प्रश्न. मला पाच मिळाले.)

हात मिळवायचा सराव घरी पप्पांबरोबर करायला गेले. त्यांनी हात मागे घेतला. "नको, रंग लागंल. परीक्षेला जायचंय तुला."

दुभाष्याचा नियम जर्मनच्या सपना मॅडमनी शिकवला. दुभाषा 'तो म्हणतो' असं कधी म्हणत नाही. समोरचा 'मी' म्हणाला की दुभाष्यानेही 'मी' म्हणायचं. स्वतःचं काही घालायचं नाही, समोरच्याचं काही गाळायचं नाही. वर्गात आम्ही पालघरच्या बाजारातल्या भाजीवाल्या होऊन बघितलं. मी मेथी विकते. मी सकाळी चारला उठते. सगळे हसत होते.

निवड कशी झाली?

मॅडम म्हणाल्या, कारखान्याकडून तुझंच नाव आलंय. वर्गात पहिली येते म्हणून असेल, असं त्यांना वाटलं. मलाही. घरी सांगितलं तेव्हा आईने साडी काढली, मी ड्रेस घातला. पप्पा घरीच होते. प्रेसवरच्या अकराही जणांना चार दिवसांची भरपगारी सुट्टी मिळाली होती. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. ते बाजेवर बसून लिंबाच्या फोडीने नखं घासत होते.

"जर्मन साहेबाला माझा नमस्कार सांग," म्हणाले.

दिवसाचे वर्णन:

मी पाच मिनिटं आधी पोचले. गेटच्या आत एक माणूस नव्या कुंड्यांना पाणी घालत होता. त्यानेच मला ऑफिसचा रस्ता दाखवला.

"पोरी, कुठली तू?"

"बोईसर. तुम्ही?"

"मी देवू. माकुणसारचा. हितं बागेत हाय." मग कुंड्यांकडे बघून म्हणाला, "या कालच आल्यात. साहेब गेला का परत जातील, भाड्याच्या हायत."

तपासनिसांचं नाव लिंडनर. ऑफिसने त्यांना माझं नाव नुसतं 'वैभवी' असं सांगितलं होतं. साठीचे, उंच, मिशी पांढरी. मी जर्मनमध्ये बोलले तेव्हा त्यांचा चेहरा इतका फुलला की मला लाज वाटली. पालघरमध्ये! असं तीनदा म्हणाले. त्यांचा नियम होता की मुलाखतीच्या खोलीत कारखान्याचा अधिकारी नको आणि दुभाषी बाहेरची हवी. बसल्यावर त्यांनी मला समजावून सांगितलं. प्रेसवर अजून हाताने काम चालत असेल तर तसं अहवालात लिहितील. मग त्यांची कंपनी इथे हात न लावता चालणारं बंदिस्त यंत्र बसवायला लावेल, सहा महिन्यांत. ऑर्डर चालू राहील. पण काही लपवलेलं सापडलं तर ऑर्डर रद्द. खोटं चालत नाही, म्हणाले. हे त्यांनी माझ्या डोळ्यात बघून सांगितलं.

मला आनंद झाला. खरं सांगितलं की यंत्र येणार होतं.

यादीत पहिलं नाव आनंदा लवटे. फिल्टर प्रेस, एकोणीस वर्षं. पप्पांना सुट्टीवरून बोलावून घेतलं असणार, असं मला वाटलं. मी हसू दाबलं. आता मला पप्पांचा 'मी' व्हायचं होतं.

दार उघडलं आणि देवू आत आला.

नवा निळा गणवेश. गळ्यात कार्ड. कार्डावर फोटो देवूचा, नाव आनंदा लवटे. त्याने मला ओळखलं आणि खाली बघितलं. लिंडनर उठले, त्याचा हात हातात घेतला, घट्ट. मग तो हात उलटा करून बघितला. नखं बघितली. स्वच्छ होती.

मी म्हटलं, मला पाणी हवंय. बाहेर आले.

बाहेर धर्मेश सर उभे होते. कामगारांचं सगळं तेच बघतात.

"काय झालं?"

"सर, तो आनंदा लवटे नाहीये."

"माहितीये." त्यांनी मोबाइल खिशात ठेवला. "लवटेची मुलगी ना तू? म्हणून तर तुझंच नाव मागितलं. बाहेरची पोरगी बसवली असती, तिला काय पडलंय? तुला पडलंय."

"सर, ते म्हणाले की खरं सांगितलं तर यंत्र मिळेल."

"ते आधी सांगितलं असतं तर. आता तो आत बसलाय, कार्ड घालून. आता सांगशील तर फसवलं म्हणून ऑर्डर जाईल. ऑर्डर गेली की प्रेस बंद. प्रेस बंद झाली की पहिला कोण घरी जाईल?" आवाज चढवला नाही त्यांनी. "पाणी प्यायलीस ना? जा. साहेबांना वेळेचं फार असतं."

मी आत गेले.

*हे माझे वडील नाहीत.* पहिल्या सेमिस्टरच्या तिसऱ्या धड्यातलं वाक्य आहे. त्याला शब्द शोधावे लागत नाहीत. शब्द नव्हते असं मला म्हणता येणार नाही.

प्रश्नोत्तरे (जर्मनमधलंही इथे मराठीत लिहिते):

*किती वर्षं काम करता?*

"एकोणीस." (पाठ केलेलं.)

मी: मी एकोणीस वर्षं इथे काम करतो.

*प्रेसवर नेमकं काय करता?*

"बटन दाबतो. मशीनच करते सगळा."

मी: मी बटन दाबतो. सगळं यंत्र करतं.

*हातमोजे मिळतात?*

"हा. रोज नवीन."

मी: मला रोज नवीन हातमोजे मिळतात.

*अंगाला काही त्रास? खाज, खोकला?*

देवूने माझ्याकडे बघितलं. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं बहुतेक. मी प्रश्न परत विचारला. मराठीत, हळू. पप्पा पहाटे उठून मोरीत खोकतात तेव्हा आई नळ सोडते, शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून. मी वाट बघितली.

"नाय. काय नाय. मना काय झाला नाय."

मी: मला काहीही त्रास नाही.

*गाव कुठलं?*

"माकुण—" तो थांबला. कार्ड बोटाने चाचपलं, जणू गाव त्यावर लिहिलेलं असेल. "जत. सांगली जिल्हा."

मी 'माकुण' गाळलं. नियम मोडला तो एवढाच.

लिंडनरांनी पेन खाली ठेवलं. आता अधिकृत काही नाही, म्हणाले, सहज विचारतो. *मुलं आहेत?*

देवूचा चेहरा पहिल्यांदा मोकळा झाला. याचं उत्तर त्याला येत होतं.

"हायत ना! दोन पोरगे. मोठा भावेश, तो बारावीला हाय. धाकटा लय मस्तीखोर."

मी: मला दोन मुलगे आहेत. मोठा बारावीत आहे. धाकटा फार खोडकर आहे.

*मुलगी नाही?*

"नाय."

मी: मला मुलगी नाही.

दुपारी जेवायला नवापूरच्या किनाऱ्यावरून आणलेलं पापलेट होतं; एमआयडीसीचं सांडपाणी तिथेच समुद्रात जातं. लिंडनरांनी विचारलं, इथल्याच समुद्रातलं का? धर्मेश सर हो म्हणाले. लिंडनरांनी भाजी घेतली. नंतर आणखी दहा माणसं आली, दहा नव्या कार्डांची. मी सगळ्यांचा 'मी' झाले. निघताना लिंडनरांनी माझा हात घट्ट धरला, तुमच्यासारख्या तरुण लोकांमुळे माणसं जोडली जातात म्हणाले, आणि 'वैभवी' एवढंच नाव असलेल्या माझ्या प्रमाणपत्रावर 'अत्यंत विश्वासार्ह' असं लिहिलं. मी डोळ्यात बघितलं नाही. त्याचे गुण कापले जात असतील तर जावोत.

फॉर्मची जागा इथे संपते.

घरी आले तेव्हा पप्पा दारातच बसले होते. आई आत भाकऱ्या थापत होती.

"भेटला का देवू?" पप्पा म्हणाले.

मी चप्पल काढता काढता थांबले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"कार्डासाठी नाव, गाव सगळं मीच सांगून आलो की त्याला. भला माणूस हाय. रोजंदारीवर हाय बिचारा. त्याला म्हनलं, घाबरू नको, पोरगीच हाय माजी तिथं, सांभाळून घेईल." त्यांनी मला बसायला जागा केली. हात मांडीवर पालथे ठेवले होते. नखांच्या कडा अजून केशरी होत्या. "मग? काय काय विचारलं मला?"

मी सांगितलं. वर्षं, बटन, मोजे.

"आन त्रासाचं?"

"नाही म्हणालात."

"हां. बरं केलं."

"पोरांचं विचारलं. दोन पोरगे आहेत म्हणालात. पोरगी नाही म्हणालात."

आतला थापण्याचा आवाज थांबला. "आन तू काय म्हनलीस?" आईने आतूनच विचारलं.

"तेच. आपल्या मनाचं घालायचं नसतं."

"आगं, पन तेवढं तरी—"

"गोजरा, गप," पप्पा म्हणाले. "नियम असतोय त्यांचा. शिकलीय ती." मग माझ्याकडे वळले. त्यांच्या तोंडावर खरोखरची हौस होती. "मी कसा बोललो ते म्हनून दाखव की. जर्मनमधी."

"पप्पा, नको."

"म्हन की. तीन वर्षं झाली, कधी ऐकलंच न्हाय."

मी म्हटलं. मी आनंदा लवटे. मी एकोणीस वर्षं इथे काम करतो. मला रोज नवीन हातमोजे मिळतात. मला काहीही त्रास नाही. मला मुलगी नाही. सगळं नीट उच्चारून, वाक्यागणिक थांबून, जसं मॅडमना आवडतं तसं.

पप्पा डोळे मिटून ऐकत होते. मग त्यांनी शेजारच्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, "नागोराव! ओ नागोराव, या की जरा. पोरीचं जर्मन ऐका." नागोराव बनियनवर आले, चौकटीला टेकून उभे राहिले. "परत म्हन," पप्पा म्हणाले.

मी परत म्हटलं.

"वा! काय म्हनली ओ ही?" नागोरावांनी विचारलं.

"माझ्याबद्दल हाय," पप्पा म्हणाले, आणि खोकत खोकत मोरीकडे गेले. आईने नळ सोडला.