परक्या लेकीचं मूत्रपिंड

"परक्याचं ते परक्याचंच!" भाजी निवडता निवडता सासूबाई म्हणाल्या, आणि आत सुनेला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या. "रक्तच जुळत नव्हतं, मग टिकणार कसं?"

नऊ वर्षांपूर्वी सुनेने आपलं एक मूत्रपिंड नवऱ्याला, म्हणजे सासूबाईंच्या थोरल्या मुलाला, दिलं होतं. दोघांचे रक्तगट जुळत नव्हते. म्हणून आधी त्याचं रक्त यंत्रातून गाळून, त्या मूत्रपिंडावर तुटून पडणारे घटक काढून टाकले आणि मग शस्त्रक्रिया झाली. थोरला उठून बसला, घड्याळं दुरुस्त करायच्या आपल्या दुकानात पुन्हा जाऊ लागला. औषधांनी हात थरथरायचे, म्हणून मनगटी घड्याळांना रामराम ठोकून त्याने भिंतीवरच्या घड्याळांवर भागवलं. पण घर चाललं. आता ते मूत्रपिंड थकत आलं होतं, आणि दोष कुणाचा हे घरात केव्हाच ठरलं होतं. असले निकाल आपल्या घरांत फार लवकर लागतात!

एक गोष्ट मात्र सासूबाई कधी काढत नसत. त्या वेळी धाकट्या मुलाचं सगळं जुळत होतं आणि तो तयारही होता. "त्याचं अजून लग्न व्हायचंय," म्हणून त्यांनीच त्याला मागे ओढलं आणि सुनेला पुढे केलं.

या वेळी थोरल्याच्या तपासणीला सुनेबरोबर त्याही हट्टाने गेल्या. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं, "काही महिन्यांत डायलिसिस सुरू करावं लागेल."

"तरी मी म्हणत होते!" सासूबाई उसळल्या. "हिचं बसवायलाच नको होतं."

"मग कुणाचं बसवायचं होतं, आजी?"

सासूबाई पदराचं टोक चाळवू लागल्या.

"न जुळणारं मूत्रपिंड शरीर कधी पुरतं आपलं म्हणत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "औषधांनी शरीराला दाबून धरलं तरी ते त्या मूत्रपिंडाला आतून कुरतडत राहतं. हे आम्ही तेव्हाच सांगितलं होतं. ते ऐकून हिने दिलं. नऊ वर्षं तुमचा मुलगा दुकानात गेला तो हिच्या जिवावर, आणि बोल हिलाच?" मग त्या सुनेकडे वळल्या. "तुमची स्वतःची तपासणी कधी झाली?"

सून ओशाळली. "माझी? सुरुवातीला झाली होती. मग ह्यांचंच बघण्यात राहून गेली."

डॉक्टरीणबाईंनी तिथेच तिचा रक्तदाब मोजला. तो भलताच चढलेला होता. डोकं दुखतं, पण ते शिवणयंत्रावर वाकून दुखत असेल, असं ती इतके दिवस समजत होती. लघवी आणि रक्त तपासल्यावर कळलं, तिच्या उरलेल्या मूत्रपिंडालाही इजा झाली होती.

सासूबाईंच्या पायाखालची वाळू सरकली. एका लेकाला वाचवायचं, धाकट्याला जपायचं, म्हणून दुसऱ्याच्या लेकीला आपण वापरून घेतलं! घरी येताच त्यांनी धाकट्याला फोन लावला. "बाळा, आता तू दे रे."

तो म्हणाला, "आई, माझी दोन लेकरं आहेत. बायको नको म्हणते. तेव्हा तूही नकोच म्हणाली होतीस ना?"

रागवायला त्यांना तोंडच उरलं नव्हतं. त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि सुनेचे हात धरून ढसाढसा रडल्या. "पोरी, तुला परकी म्हणणारी मीच करंटी! उद्यापासून तुझ्या तपासण्या, तुझी औषधं माझ्याकडे."

"आई, पण ह्यांचं कसं व्हायचं?" सुनेने विचारलं.

वाचकहो, मागायची वेळ येते तेव्हा मुलगा आणि सून यांच्याकडे एकाच नजरेने पाहा. आणि जिने दिलं तिचे नुसते गोडवे गाऊ नका, दर वर्षी तिला दवाखान्यात घेऊन जा. सासूबाईंना हे कळलं. पण तोवर त्या घरात एकाची दोन आजारी माणसं झाली होती.