पाच भोकांचं ऑपरेशन

चंद्रभागेनं पोटावरच्या पट्ट्या तिसऱ्यांदा मोजल्या. पाचच, आणि त्याही बोटाच्या पेराएवढ्या. एवढ्याशा भोकांतून डॉक्टर सुमेधांनी म्हणे तिचं छातीत चढून बसलेलं जठर खाली ओढलं आणि वरची वाट शिवून टाकली. जन्मभर मासे साफ केलेल्या कोळणीला हे सांगायचं म्हणजे कमालच झाली.

"पोट फारल्याबिगर कोथला हाती लागतो का?" ती नवऱ्याला, नाथाला म्हणाली. "बेशुद्ध केलान, पट्ट्या लावल्यान आनि घरी धारलान!"

हे तिनं ठाण्याच्या दवाखान्यातही तोंडावर ऐकवलं होतं. डॉक्टरीणबाई चिडल्या नाहीत. ऑपरेशनची व्हिडिओ कॅसेट हातात देऊन म्हणाल्या, "घरी बघा. पण तीन आठवडे फक्त पातळ पेज. घट्ट घास गिळलात तर टाके उसवतील, जठर पुन्हा वर जाईल. जिवावर बेतेल."

चौथ्या दिवशी चंद्रभागेनं ताटलीत भाकरी आणि भाजलेला सुका बोंबील घेतला. टाके असले तर उसवतील ना! एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे.

"आधी कॅसेट तरी बघ," नाथा गयावया करू लागला. शेजारच्या नंदाकडे व्हीसीआर होता. चंद्रभागा ताटली घेऊनच गेली, मागोमाग नाथा.

पडद्यावर एक उघडं पोट आलं. "कुनाचा पन असंल," ती फणकारली आणि भाकरीचा तुकडा मोडला. कॅमेरा आत शिरण्याआधी कातडीवरून फिरला. औषधानं पिवळ्या झालेल्या बरगडीखाली तीन काळे डाग, तिसरा वाकडा. बिब्ब्याचे! जेवली की छातीत कळ यायची आणि नाथा न् सासू 'सोंग करते' म्हणायचे, तेव्हा तिच्या आईनं घातलेले. तिसऱ्या चटक्याला ती कळवळून हलली होती.

तुकडा हातातच राहिला. पडद्यावर चिमट्यांनी जठर छातीतून हळूहळू खाली येत होतं. नाथाचा चेहरा उतरला.

"म्हंजे... खराच दुखायचा तुला?"

"बारा वरसां बोंबलतंय मी!"

डॉक्टरीणबाईंवरचा तिचा संशय तिथंच मिटला. नवऱ्याचा मात्र असा राग आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. बायकोचं ऐकलं नाही, टीव्हीचं ऐकलं! नाथानं ताटली उचलली आणि पेज आणायला निघाला.

"थांब," ती म्हणाली. "येताना तुज्या आयला घेऊन ये. नंदा, पयल्यापासून लाव."