राग धरायची शिकवणी

पोर्तो-दा-लामा या गावात राग धरायला कुणाला शिकवावं लागत नाही. मूल रांगायला लागतं, तेव्हाच कोणाच्या अंगणात रांगायचं नाही हे त्याला कळलेलं असतं. जेनिवाल आणि आमारो सख्खे शेजारी. दोघेही मिरितीबा नदीवर पर्यटकांचे तराफे चालवायचे आणि रविवारी चर्चमध्ये एकाच बाकावर बसायचे. पण आमारोच्या बोकडाने जेनिवालच्या मुलीची लग्नातली ओढणी खाल्ली, तेव्हापासून त्यांच्यात बोलणं नव्हतं. त्या मुलीची मुलगी आता लग्नाची झाली होती. बोकड तर त्याच वर्षी नाताळला रश्श्यातून गेला. राग मात्र हिरवागार होता. दोघेही त्याला रोज पाणी घालत.

अशा गावावर एका प्राण्याला राग धरायला शिकवायची वेळ आली, आणि गाव त्यात नापास झालं.

प्राण्याचं नाव बेंटो. पुस्तकात त्याच्या जातीला मानाटी म्हणतात, गावात बैलमासा. तो बैलही नाही आणि मासाही नाही, पण त्याने कधी हरकत घेतलेली नाही. ओल्या पोत्यासारखं अंग, पंगत उठल्यावर पेंगणाऱ्या काकांसारखा चेहरा. पाण्याखालचं गवत खायचं, खारफुटीची पानं ओरबाडायची, श्वासापुरतं नाक वर काढायचं आणि परत खाली जायचं, एवढाच त्याचा संसार.

या जातीच्या माद्या बाळंतपणाला नदीत येतात. नदीचं पाणी शांत, लाटा बाहेर राहतात. पण किनाऱ्यावरच्या कितीतरी नद्यांची तोंडं बुजली होती. वर जंगल तोडलं तो गाळ खाली आला, आणि खाली खारफुटी कापून कोळंबीची तळी झाली. मग माहेरचं दार बंद दिसल्यावर बाई करणार काय? समुद्रातच मोकळी व्हायची. पहिली मोठी लाट पिल्लाला वाळूवर आणून टाकायची. बेंटो तसाच सापडला, नाळेसकट.

त्याला वाढवलं लिंडाल्वाने. दूर उत्तरेला अशा पोरक्या पिल्लांचं एक केंद्र होतं. तिथे दुधाच्या बाटल्या पाजण्यात तिचे गुडघे झिजले. पिल्लं पुष्कळ आली नि गेली, पण बेंटो हट्टी. त्याच्या हनुवटीखाली तळहात धरल्याशिवाय तो बाटलीला तोंड लावायचा नाही. हात काढला की दूधही बंद. पुढे तो मोठा झाला, त्याला मिरितीबात सोडलं. लिंडाल्वा कामातून मोकळी झाली आणि पोर्तो-दा-लामाला बहिणीकडे, म्हणजे जेनिवालच्या घरी, राहायला आली. गुडघ्यांना इथली हवा मानवते असं कारण सांगितलं. खरं कारण सगळ्या गावाला ठाऊक होतं, आणि कुणी ते बोलून दाखवलं नाही. या गावात तेही एक नवलच.

नदीवर मात्र तिला बंदी होती. नदीत सोडलेल्या प्राण्यांवर लक्ष ठेवणारी तायना नावाची केंद्राची तरुण बाई होती, तिने आल्या दिवशीच हात जोडून सांगितलं होतं, "लिंडाल्वामावशी, तुम्ही त्याला दिसायचं नाही. तुमचा आवाजसुद्धा त्याच्या कानावर जायला नको. त्याने माणसं विसरायला हवीत."

लिंडाल्वाने ते पाळलं. धक्क्याच्या वरच्या अंगाला ती कसाव्याच्या, म्हणजे साबुदाण्याच्या कंदाच्या, पिठाची, खोबरं घातलेली घावनं विकत बसे. तिथून नदी दिसत नव्हती. म्हणूनच तिने ती जागा निवडली होती. खालून येणारे पर्यटक न विचारता बातमी देत.

"काय सांगू बाई, आमच्या तराफ्याला चिकटूनच बसला! पोट वर करून! खाजवून घेतलं!"

"खोबरं जास्त घालू?" लिंडाल्वा विचारायची, आणि घावन करपायचं.

कारण बेंटो तराफ्यापुरता थांबत नव्हता. तो मोटरबोटींकडेही जायचा. एकदा पंख्याच्या पात्याने त्याची पाठ उसवली होती. आणला, शिवला, पुन्हा सोडला. आता तायनाने गावाला बोलावून स्पष्टच सांगितलं, "पुढच्या अमावास्येपर्यंत बघायचं. माणसांकडे येणं सुटलं तर नदी त्याची. नाहीतर केंद्रात कायमचा हौद. वर दोन रानटी माद्या आहेत, त्यांच्याबरोबर चरताना मी त्याला पाहिलाय. जमतंय हो त्याला. फक्त तुम्ही त्याला आवडणं थांबवा."

गावाने मनावर घेतलं. नावडतं होण्याचा अनुभव दांडगा होता. कुणी पत्र्याचे डबे बडवले, कुणी बांबू पाण्यावर आपटले. आमारोने तर शिव्यांचा जुना साठा बाहेर काढला. त्या शिव्या मूळच्या कुणासाठी होत्या, ते शेजारच्या तराफ्यावरच्या जेनिवालला बरोबर कळलं, पण तोंड उघडायची सोय नव्हती. बेंटोने सगळं ऐकून घेतलं, आणि गंमत संपली असं वाटून दोघांच्या तराफ्यांना आळीपाळीने पाठ घासली.

"कातडी जाड आहे," जेनिवाल घरी येऊन म्हणाला. "आमदार व्हायचा हा."

एका सकाळी तायना घावनांच्या चुलीपाशी येऊन उभी राहिली. घेतलं काहीच नाही.

"मावशी, त्याला फक्त तुमचंच लागेल."

लिंडाल्वाने उलथनं खाली ठेवलं. "काय लागेल?"

"तुम्ही मारलंत तर."

"मारू?"

"जखम नको. पण नाकावर, लागेल असं. एकदाच."

"तुला मूलबाळ आहे का गं?"

"नाही."

"म्हणून सोपं जातं सांगायला."

"सोपं नाही," तायना म्हणाली. "काल आणि परवा मी या पायरीवरूनच परत गेले."

लिंडाल्वाने चूल विझवली. "भाऊजी," तिने जेनिवालला हाक मारली, "तराफा काढा."

ओहोटी लागली होती. बेंटो जिथे राहायचा ती जागा ती पहिल्यांदाच बघत होती. दोन्ही काठांनी खारफुटीची मुळं चिखलात पाय रोवून उभी, त्यांच्यावर लाल खेकडे बाजाराला निघाल्यासारखे चढत-उतरत होते. पाणी चहासारखं, पण स्वच्छ. एका वळणावर जेनिवालने बांबू थांबवला आणि ओठावर बोट ठेवलं. लांब, फांद्यांच्या सावलीत, दोन नाकं वर आली. फुस्स करून श्वास सोडला आणि पाणी पुन्हा मिटलं. रानटी माद्या होत्या. त्यांनी या दोघांकडे ढुंकून पाहिलं नाही.

"एवढं सगळं आहे इथे त्याला," लिंडाल्वा हळूच म्हणाली. हौदाला चार भिंती आणि एक नळ असतो, हे तिला सांगायला नको होतं.

तेवढा आवाज पुरला. मुळांकडून एक फुगवटा सरळ तराफ्याकडे निघाला. बेंटो कडेला आला, मान वर केली आणि हनुवटी पाण्याबाहेर धरून थांबला. मिशांचे राठ केस, बारीक डोळे, पाठीवर शिवणीचा पांढरा वण. तो हाताची वाट पाहत होता.

लिंडाल्वाने जेनिवालच्या हातातून बांबू घेतला आणि मारला.

नेम चुकला असता तर बरं, असं जेनिवालला वाटलं. चुकला नाही. बेंटोने डोळे मिटले. तो ओरडला नाही; त्या जातीला ओरडण्याची सवय नसते. तो नुसता खाली गेला, आणि चिखलाचा एक ढग पाण्यात वर आला.

परतताना जेनिवाल म्हणाला, "मेव्हणीबाई, भल्यासाठीच केलंत." उजवा हात पदराखाली लपवावा तसा लिंडाल्वाने झग्याच्या खिशात घातला, आणि घरी पोचेपर्यंत बाहेर काढला नाही.

दुसऱ्या दिवशी बेंटो आला नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. पर्यटक कुरकुरले, गाव मात्र खूश. "शिकला!" धक्क्यावर आमारो सगळ्यांना, म्हणजे जेनिवाल सोडून सगळ्यांना, सांगत होता. "आपल्या गावचं पाणी लागलं त्याला." तायनाने लिंडाल्वाला मिठी मारली. लिंडाल्वा हसली. रात्री ती जेवली नाही. तिला आनंदच झाला होता.

आणखी एक दिवस गेला. "खात्री करू या," तायना म्हणाली. ती स्वतः तराफ्यावर बसली. वळणाशी लिंडाल्वा मुद्दाम बोलली, जरा मोठ्यानेच, "बेंटो, आहेस का रे?" आणि मनातल्या मनात म्हणाली, नसू दे.

फुगवटा आला. त्याच जागी, त्याच कडेला. हनुवटी वर.

"मारा," तायना म्हणाली.

लिंडाल्वाने मारलं. तो दचकला, हातभर मागे सरला, आणि पुन्हा पुढे आला. तिने पुन्हा बांबू उगारला. त्याला बांबू दिसत होता. त्या बांबूच्या दुसऱ्या टोकाला ती आहे, हेही त्याला दिसत होतं, आणि त्याच्या हिशेबात ही दुसरी गोष्टच मोठी होती. या जातीला पाण्यात शत्रू नाही. कुणाचा राग धरावा असं त्यांच्या घराण्यात कधी घडलंच नाही. पोर्तो-दा-लामात लहान मुलांना येणारी विद्या त्याला येत नव्हती, येणारही नव्हती.

लिंडाल्वाने बांबू खाली ठेवला. गुडघे टेकले. तायना "मावशी, नको" म्हणाली नाही. तळहात पाण्यात गेला, आणि बेंटोने सगळं वजन त्यावर टाकून डोळे मिटले.

"हा शिकणार नाही गं," लिंडाल्वा म्हणाली. "हाताशी यायला मीच शिकवलेलं आहे त्याला. ते निघत नाही."

बेंटोला हौदात न्यायच्या दिवशी केंद्राचे लोक जाळी घेऊन आले. तायनाने विचारलं, "जाळ्याने घाबरून तो गुदमरू शकतो. तुम्ही हाक माराल?"

लिंडाल्वा कमरेइतक्या पाण्यात उतरली. हाक मारली. तो आला, आणि पाळण्यात घालावा तसा कापडी झोळीत शिरला. जाळी कोरडीच राहिली. झोळीच्या एका कडेला जेनिवाल आणि आमारो शेजारी शेजारी आले होते. "त्यांना सांगा, खालून धरायला," आमारो तायनाला म्हणाला. "त्यांना सांगा, धरलंय," जेनिवाल म्हणाला. आमारोचे डोळे भरले होते; जेनिवालने दुसरीकडे पाहिलं.

केंद्राने लिंडाल्वाला कळवलं होतं, तो दुसऱ्या कुणाच्या हातचं खाईल असं दिसत नाही, तुम्ही परत या. बहिणीने पिशवी भरून दिली. ट्रकच्या मागच्या बाजूला ओल्या गादीवर बेंटो, आणि त्याच्याशेजारी उलट्या बादलीवर ती. गाव हात हलवत होतं. कुणीतरी ओरडलं, "मावशी, नशीबवान! आता रोज तुझ्याजवळ!"

खरंच होतं ते. उद्या सकाळी, परवा सकाळी, मरेपर्यंत रोज सकाळी तो तिला दिसणार होता. गाडी सुरू झाली आणि तिच्या पोटात आनंद उसळला, अगदी लहान मुलीसारखा. तिला तो दाबता येईना. तिने मान खाली घातली, त्याच्या पाठीवरचं फडकं उचललं, शेजारच्या भरल्या बादलीत पिळलं, आणि पुन्हा ओलं करून त्याच्या पाठीवर पसरलं.