कोऱ्या मशीनवर

“उचला ना हो बाई, उचला फोन!” रिक्षात बसलेली सुगंधा परब रडकुंडीला आली होती. गोवंडीच्या दवाखान्यात फोन नुसता वाजत होता. डॉक्टर कुंदा गुप्ते पेशंट तपासताना मोबाइल ड्रॉवरमध्ये टाकतात, हे तिला ठाऊक होतं. तरी ती पुन्हा पुन्हा लावत होती.

सुगंधाचं काम कुणाला सांगून कळायचं नाही. तिच्या अंधेरीच्या कंपनीत दवाखान्यांसाठी प्रोग्रॅम बनायचा. लिहिणारे तो लिहून मोकळे व्हायचे. तोच प्रोग्रॅम विंडोज, मॅक आणि लिनक्स अशा तिन्ही जातींच्या काँप्युटरवर बिनबोभाट बसेल असा बांधून द्यायचा, ही हिची हमाली. आई विचारायची, “म्हंजे तू पार्सला बांधतंस?” ही म्हणायची, “होय गो, तसांच.”

नव्या पार्सलाने आधी जुना प्रोग्रॅम पुसायचा, मग स्वतः बसायचं. प्रत्येक पार्सल सुगंधा कोऱ्या मशीनवर बसवून बघायची. या धंद्यात सगळे तसंच करतात. काल तिन्हीकडे झकास बसलं. आज दुपारी शेजारच्या नितेशने सहज ते जुना प्रोग्रॅम असलेल्या आपल्या लिनक्स मशीनवर टाकलं आणि ओरडला, “सुगंधा, वाट लागली! माझे पेशंट कुठे गेले?”

ते त्याचे टेस्टिंगचे खोटे पेशंट होते, पण सुगंधाने तिथल्या तिथे फोल्डर उघडून बघितलं. लिनक्सवर पेशंटची माहिती प्रोग्रॅमच्याच फोल्डरमध्ये राहायची. जुनं पुसताना तीही साफ. बॅकअपसुद्धा तिथेच. कोऱ्या मशीनवर पुसायला काही नव्हतंच, मग दिसणार काय, कपाळ?

दवाखाने जिथून पार्सल उतरवून घेत, त्या सर्व्हरवरून नितेशने ते ताबडतोब काढलं. तोवर लिनक्सचं पार्सल एकाच दवाखान्याने घेतलं होतं. गुप्तेबाईंच्या.

“मशीन बंद केलं तर पुसलेलं परत काढता येईल,” नितेश म्हणाला. “पण त्या पुसलेल्या जागेवर नवीन काही भरलं गेलं ना, तर संपलं. पळ तू!”

सुगंधा दवाखान्यात शिरली तेव्हा बाकावर पेशंट बसले होते आणि बाई काँप्युटरपुढे.

“अगं, बरी आलीस! सकाळी तुझं ते नवीन टाकलं आणि यादी कोरी झाली. म्हटलं, पोरीच्या डोक्याला ताप नको. आठवतील तेवढे पेशंट मीच भरले. एक्स-रेचे फोटोसुद्धा चढवले सगळे. सकाळपासून तेच करतेय बघ.”

सुगंधाने वाकून प्लगच ओढला. पडदा काळा झाला.

“अगं, हे काय?”

“बाई, चूक माझी आहे. यादी मी पुसली. आता त्यातलं काही परत मिळेल की नाही, मला सांगता येत नाही.” तिच्या हातात अजून प्लग होता. “मला खूप भीती वाटतेय, बाई.”

बाईंनी चष्मा काढला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त म्हणाल्या, “सगळे पेशंट?”

“हो.”

बाईंनी कीबोर्ड बाजूला सरकवला. मग त्यांनी ड्रॉवरमधून कोरा कागद काढला आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. खोकत खोकत सहदेवकाका आत आले, स्टुलावर टेकले. बाईंनी त्यांची छाती तपासली आणि औषध लिहायला घेतलं.

“बाईनु, तेवढा बघून लिवा हां,” काका म्हणाले. “मागच्या टायमाक त्या गोळयेन माझो गळो सुजलो होतो, मरता मरता वाचलंय. तुमच्या काँप्युटरात नाव घातलास मां तिचा?”

बाईंनी पेन कागदावरून उचललं.

“काका, कुठली गोळी होती? आठवा बघू.”

काकांनी पुष्कळ आठवलं.

“गोल होती,” ते म्हणाले. “पांढरी.”