सेहेचाळीस गुंडाळ्या

मंगळवारी सकाळी कुमुदताईच्या करंगळीतून दोरा निघायला लागला. रक्त आलं नाही, दुखलंही नाही. तिने शेजारच्या खोलीतून धाकट्या बहिणीला, सुमेधाला, बोलावून घेतलं.

सुमेधा मिरजेच्या एका प्रयोगशाळेत होती. गुणसूत्रांचे फोटो कात्रीने कापून जोडीजोडीने कागदावर चिकटवायचे, हे तिचं काम. गुणसूत्रांतला हा दोरा तिने लगेच ओळखला. ताईची सगळी घडण त्यावर लिहिलेली होती. दुपारपर्यंत फरशी दिसेनाशी झाली आणि ताई इतकी हलकी झाली की पंखा बंद करावा लागला.

हा पसारा आवरायची एकच रीत सुमेधाला माहीत होती. दोऱ्यासोबत बारीक मणी बाहेर येत होते. एकेका मण्याभोवती ती जेमतेम पावणेदोन वेढे घेई, मग मण्यांची माळ पिळून तिच्या घड्या घाली आणि घट्ट आवळी. चार वाजता खोलीभर पसरलेला दोरा सेहेचाळीस इवल्याशा गुंडाळ्यांत मावला. पलंगावर ताईच्या शेजारी तिने त्यांच्या जोड्या लावल्या. प्रत्येक जोडीत एक आईकडची, एक वडिलांकडची.

पाचव्या आणि अकराव्या जोडीतल्या एकेका गुंडाळीच्या टोकांची आपसांत अदलाबदल झाली होती. ताईत काहीच कमी नव्हतं, म्हणून ती धडधाकट होती. पण त्या दोन गुंडाळ्यांतली एकच बाळाकडे गेली, की बाळात काही कमी पडे, काही जास्त होई. ताईला तीनदा दिवस गेले होते. तिन्ही वेळा बाळ राहिलं नाही.

"कापून जागच्या जागी लाव," ताई म्हणाली.

"टोकांवर काय लिहिलंय ते मला वाचता येत नाही, ताई. चुकलं तर तू तूच राहशील का, सांगता येत नाही."

"नाही राहिले तरी चालेल."

सुमेधाने फोटो कापायची कात्री उचलली. तिने दोन्ही टोकं कापली आणि आपापल्या जागी जोडली.

तेवढ्यात प्रत्येक गुंडाळीच्या दोन झाल्या, कमरेपाशी चिकटलेल्या. त्या पलंगाच्या मधोमध एका ओळीत आल्या. खोली लांबत गेली. समोरासमोरच्या भिंतींतून तंतू निघाले आणि त्यांनी गुंडाळ्या एकमेकींपासून सोडवून दोन बाजूंना ओढून नेल्या. खिडकीपाशी ताई उठून बसली. दारापाशीही ताई उठून बसली. पलंगावर कोणी उरलं नाही.

मग दुभंगणाऱ्या पेशीसारखी खोली मध्ये आवळायला लागली. सुमेधा नेमकी तिथेच उभी होती.

"सुमे, इकडे ये," खिडकीकडची ताई म्हणाली.

 दाराकडच्या ताईने पोटावर हात ठेवला होता. भिंती सुमेधाच्या दोन्ही खांद्यांना टेकल्या.